भाच्याचा छंद आणि पारध्याचा गुन्हा

मंडळी, मागच्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन निरोप आले. सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन्हींवर आमच्या मंडळींनी भराभर अंगठे उठवले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. सत्तरीनंतर झोप तशीही उधारीचीच असते म्हणा, पण त्या रात्रीचं कारण वेगळं होतं. ते इथे लिहिते आहे. ग्रुपवर लिहिलं असतं तर लगेच भांडण झालं असतं. इथे लिहिलं तर सावकाश होईल, एवढाच फरक!

सकाळचा निरोप माझ्या भाच्याचा, ओहायोहून. रात्रीचा, काळापांढरा, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. झाडीतून एक दांडगा नर येतो. डोक्यावर फांद्याफांद्यांची शिंगं. पुढच्या पायाने जमीन उकरतो, वर लोंबणाऱ्या डहाळीला कपाळ घासतो, ती तोंडात धरून चावतो, उकरलेल्या मातीत मूत्र सोडतो आणि निघून जातो. खाली भाच्याने लिहिलं होतं, "मावशी, ही जागा मी तयार केलीय. गडी फसला!"

मला काही उलगडा होईना, म्हणून फोन लावला. त्याने हौसेने सगळं समजावून सांगितलं. तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे नर पावसाळी दिवस संपले, थंडीची चाहूल लागली की माजावर येऊ लागतात. मग ठरावीक झाडांखाली जमीन उकरून आपला वास ठेवतात. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या आणि कपाळावरच्या ग्रंथींचा वास डहाळीला, मागच्या पायांच्या ग्रंथींचा आणि मुताचा वास मातीला. दुसरा नर आला की तो हे सगळं हुंगतो, कोण येऊन गेलं ते त्याला समजतं, आणि तोही आपली हजेरी लावून जातो. आपल्याकडे पारावरच्या फळ्यावर सूचना लावतात ना, तसंच.

शिकारी काय करतात, तर ही खूण खोटी तयार करतात. हातात रबरी मोजे घालून, म्हणजे माणसाचा वास लागू नये. काठीने माती उकरायची, वर डहाळी नसेल तर एक दोर लोंबता ठेवायचा, आणि दुकानातून आणलेलं बाटलीतलं हरणाचं मूत्र शिंपडायचं. (हो, बाटलीत भरून विकत मिळतं. हरणांमध्ये मेंदूचा एक असाध्य रोग पसरतो आहे, तो या बाटल्यांतून जाऊ नये म्हणून काही राज्यांनी खऱ्या मुताच्या बाटल्यांना बंदी केली आहे. तिथे कृत्रिम वास वापरतात.) मग झाडाला कॅमेरा बांधायचा आणि घरी बसून पाहायचं. कोणता नर येतो, किती वाजता येतो, कुठल्या बाजूने येतो, वारा कुठला असतो. सप्टेंबरच्या शेवटी तिकडे धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो. तोवर या गड्याचा सगळा दिनक्रम भाच्याच्या वहीत उतरलेला असतो.

ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला. "केवढा अभ्यास!" "निसर्गाशी एकरूप!" माझ्या धाकट्या जावेने तर "आमचा अर्जुन" असं लिहिलं.

संध्याकाळचा निरोप गावाकडून, पुतण्याचा. "गायरानात पारध्यांची पालं पडलीत. विहिरीवरच्या मोटारी, केबल सांभाळा. पोरासोरांना तिकडं जाऊ देऊ नका."

त्यावर अकरा अंगठे. मोजले मी. सकाळच्या आणि संध्याकाळच्या अंगठ्यांत सात माणसं तीच होती.

आता माझं म्हणणं सांगते. सकाळी आपण ज्या विद्येला अभ्यास म्हटलं, ती विद्या त्या पालांतल्या माणसांची पिढीजात आहे. भाच्याने ती दहा वर्षांत पुस्तकं वाचून आणि कॅमेरे विकत घेऊन मिळवली. त्यांनी ती पोटासाठी शेकडो वर्षं जपली. विद्या तीच. जनावराची खूण ओळखायची, ती खूण त्याच्याविरुद्ध वापरायची, आणि वाट पाहायची. एकाला आपण छंद म्हणतो आणि दुसऱ्याला गुन्हेगार. हा फरक जनावरावरून ठरत नाही, आणि कायद्यावरूनही पुरता ठरत नाही. तो माणूस कोणाच्या पोटी जन्मला यावरून ठरतो.

मला हे कसं कळलं? पुस्तकातून नाही. सांगते.

आमचं गाव परतूर तालुक्यात, दुधना नदीपासून थोडं आत. गावाच्या उत्तरेला बरड माळ आहे. आता तो पूर्वीएवढा राहिला नाही, पण काळविटांचा एक कळप अजून तिथे असतो. निवृत्त झाल्यापासून मी गावी असले की पहाटे दिराच्या शेताच्या धुऱ्यावर, बाभळीखाली जाऊन बसते. थर्मासात चहा, डोक्याला रुमाल. भाद्रपद-अश्विनात आणि पुन्हा फाल्गुनाच्या सुमाराला नर रंगात येतात. एरवी तपकिरी असलेला नर तेव्हा काळाभोर होतो. पोट आणि डोळ्यांभोवतीची वर्तुळं पांढरीशुभ्र, शिंगं पिळाची. मान मागे टाकून, शिंगं पाठीला टेकवून असा चालतो की जणू जहागीरदारच! एखादा परका नर आला की दोघं समांतर चालतात, एकमेकांकडे न पाहता. मग एकदम शिंगांचा खडखडाट.

(शिक्षिकेची सवय म्हणून सांगते. काळवीट हे खरं हरीण नव्हे. हरणांच्या नराची शिंगं भरीव असतात, त्यांना फांद्या फुटतात आणि ती दर वर्षी गळून पडतात. काळविटाचं शिंग पोकळ असतं, हाडाच्या खुंटावर बसवलेलं, आणि ते जन्मभराचं. त्याला कुरंग म्हणावं. पण आमच्याकडे सगळेच त्याला हरीण म्हणतात आणि मीही आता दुरुस्त करायचं सोडून दिलं आहे.)

या नराची एक ठरलेली जागा असते, काही एकरांची. त्या जागेत त्याचे लेंड्यांचे ढीग असतात. कुठेही पडलेल्या लेंड्या नव्हेत. तो पुन्हा पुन्हा तिथेच येतो आणि तिथेच टाकतो. आजूबाजूच्या काडीला, बोरीच्या डहाळीला डोळ्याजवळच्या ग्रंथीतला काळा चिकट स्राव लावतो. म्हणजे भाच्याच्या व्हिडिओतला नर जे करत होता, तेच. समुद्रापलीकडच्या जनावरात आणि आमच्या माळावरच्या जनावरात लाखो वर्षांचं अंतर, पण सही करण्याची पद्धत एकच.

हे मला शिकवलं चौथीतल्या एका मुलाने.

१९८५ सालची गोष्ट. मी जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेवर होते. जालना जिल्हा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. बसथांब्यापासून शाळा तीन किलोमीटर, वाट गायरानातून. त्या गायरानात फासेपारध्यांची पालं पडली होती. त्यातला एक मुलगा शाळेत येऊ लागला. नाव लिहीत नाही. वय विचारलं तर बापाने हाताने उंची दाखवली. त्याच उंचीवरून चौथीत बसवला. घरी गुजरातीसारखी वाटणारी त्यांची बोली, वर्गात आमची मराठी. तो मागे बसायचा. सकाळी मात्र वाटेत माझ्याबरोबर चालायचा.

एकदा त्याने मला हात आडवा करून थांबवलं. "बाई, इथं पाय नका देऊ. हे काळ्याचं हाय." मला दिसला नुसता लेंड्यांचा ढीग. त्याने एक लेंडी उचलून नखाने फोडली. "आतून ओली हाय. आज पहाटंची." मग बोरीची डहाळी दाखवली. टोकाला काळं, डिंकासारखं काहीतरी. "हे त्यानं डोळ्यानं लावलं." मग ओंजळभर माती वाऱ्यावर सोडली आणि मला डाव्या बाजूने वळसा घालून नेलं. शंभर पावलांवर लवणात काळवीट उभा होता. आमच्याकडे पाठ करून.

त्याच आठवड्यात मी वर्गात प्राणी शिकवले. "काळवीट हा तृणभक्षक प्राणी आहे." मुलांनी पाच वेळा लिहून काढलं. त्याला लिहिता आलं नाही. मी त्याला शून्य दिलं.

काही दिवसांनी शाळेची पितळी घंटा चोरीला गेली. पोलीस आले. कुणाला काही विचारण्याआधीच पालांकडे गेले, कारण तसाच रिवाज होता. या मुलाच्या बापाला उचललं. मग आम्हा शिक्षकांचे जबाब झाले. मला विचारलं, "हा माणूस शाळेजवळ पाहिलात का?" पाहिला होता. रोज पाहत होते. संध्याकाळी पोराला न्यायला यायचा, कडुनिंबाखाली उभा राहायचा, आत यायची हिंमत नसायची म्हणून. जबाबात आलं ते एवढंच : "सदर इसमास सायंकाळच्या वेळी शाळेजवळ उभा असलेला पाहिले आहे." मी म्हटलं, तो पोराला न्यायला येतो हेही लिहा. उत्तर मिळालं, "ते कोर्टात सांगा, बाई. इथं सही करा." मी सही केली. नवी नोकरी नव्हती, तान्हं पोर घरी नव्हतं, कसलीच सबब नाही. फक्त घरी जायला उशीर होत होता. त्याच टेबलावर दुसऱ्या कागदावर त्या माणसाचा अंगठा घेतला.

कोर्टात मला कुणी बोलावलं नाही. माणूस महिन्या-दीड महिन्याने सुटला असं ऐकलं. तोवर पालं उठली होती. मुलगा पुन्हा दिसला नाही. घंटा कुठे गेली हे आजवर कळलेलं नाही.

मंडळी, भाच्याने फोनवर "खोटी खूण" असा शब्द वापरला तेव्हा मला तो जबाब आठवला. माझं वाक्य खरं होतं. खूण खोटी होती. माती खरी, डहाळी खरी, वास खरा, पण ती जागा कुणीतरी तयार केलेली. आणि मी रबरी मोजे घालून उभी होते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एका घंटेवरून एवढं? एका घंटेवरून नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखाद्या जमातीत जन्म घेणं हाच गुन्हा. नावं नोंदवायची, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. १९११ नंतर तो कायदा सगळ्या ब्रिटिश मुलखाला लागू करता येऊ लागला. आमचा मुलूख निजामाचा, पण त्या सरकारनेही तशाच धर्तीचा कायदा केलाच. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, ही माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. आणि पाठोपाठ आले सराईत गुन्हेगारांचे कायदे. मुंबई राज्याचा १९५९ चा. पाटी बदलली, दुकान तेच.

आणि ही विद्या गुन्हा होती का तेव्हा? मुळीच नाही! अबुल फजलच्या ऐने-अकबरीत वर्णन आहे : पाळलेल्या नराच्या शिंगांना जाळं बांधायचं आणि त्याला रानातल्या नरासमोर सोडायचं. रानातला नर आपल्या हद्दीत परका आला म्हणून झुंजायला येतो आणि शिंगं जाळ्यात अडकून बसतात. म्हणजे जनावराचा स्वाभिमान हाच फास! भाच्याचा दोर आणि अकबराचं जाळं यांत फारसा फरक नाही. दरबारात हा बादशाही शौक होता. संस्थानिक चित्ते पाळून काळविटांवर सोडत. आपल्या कोल्हापूरच्या दरबाराचे चित्ते प्रसिद्धच होते. त्याला वैभव म्हणत. त्याच काळवीटाला पोटासाठी फास लावणारा पारधी मात्र नोंदवहीत. बरं, हिंदुस्थानातून १९५२ साली नामशेष जाहीर झाला तो चित्ता. त्याला पारध्यांच्या फाशांनी संपवलं असं कुणी म्हणेल का? साहेबांच्या बंदुका, दरबारी शौकासाठी धरून नेलेले चित्ते आणि मोडलेली माळरानं यांचा हिशोब मोठा आहे.

आता तुमचे आक्षेप. ते मला पाठ आहेत, कारण माझ्याच घरातले आहेत.

पहिला आक्षेप : भाच्याची शिकार कायदेशीर आहे, पारध्याची नाही. मान्य. अगदी मान्य. भाचा परवाना काढतो, ठरलेल्या संख्येपलीकडे मारत नाही, मांस वर्षभर खातो. तिकडे १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा आणि पुढे धनुष्यबाणांवरचाही कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. शतकाच्या सुरुवातीला काही लाखांवर आलेली ही हरणं आज तीन कोटींच्या आसपास आहेत. तिथे काही मारावी लागतात, हेही खरं. इकडे काळवीट १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०२२ साली कायदा दुरुस्त झाला तेव्हाही तिथेच राहिला. तो मारायचा नाही. पारध्याने नाही, पाटलाने नाही, जीपमधून बंदूक घेऊन फिरणाऱ्या शहरी पाहुण्यानेही नाही. काही पारधी आजही फास लावतात. त्यांना पकडावं, खटला भरावा. मी शिकारीची वकिली करत नाही.

पण कायदा म्हणजे केलेल्या कृत्याला शिक्षा. पुतण्याच्या निरोपात कृत्य कुठे आहे? पाल ठोकणं हे कृत्य? राजस्थानात १९९८ साली काळविटांची शिकार झाली, २०१८ साली खालच्या कोर्टाने एका बड्या सिनेनटाला पाच वर्षांची शिक्षा सुनावली, आणि दोन दिवसांत त्याला जामीन मिळाला. जामीन मिळाला याबद्दल माझी तक्रार नाही, तो कायद्याने मिळतो. मी विचारते एवढंच, की त्यानंतर कुठल्या गावाने "सिनेनट आलेत, मोटारी सांभाळा" असा निरोप फिरवला?

दुसरा आक्षेप माझ्या दिराचा, आणि तो सगळ्यात खरा आहे. एकदा मी धुऱ्यावरून परत आले तर तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला काळवीट दिसतो. मला माझा हरभरा दिसत नाही." त्याचं बरोबर आहे. हरभरा, सोयाबीन कोवळं असताना कळप एका रात्रीत तासंच्या तास खुडून नेतो. रोही आणि रानडुकरं वेगळीच. भरपाईची सोय आहे, पण अर्ज, सातबारा, पंचनामा करता करता पेरणीची वेळ निघून जाते. जागलीला माणूस मिळत नाही. रात्री जागायला पोरं तयार नाहीत, म्हणून बांधाला तार आणि तारेत वीज सोडणारेही आहेत. त्यात हरणं मरतात आणि माणसंही.

पण काळवीट शेतात का येतो? त्याचा माळ राहिला नाही म्हणून. आपण गवताळ माळाला सरकारी कागदात पडीक लिहितो. पडीक म्हणजे कुणाचंच नाही, म्हणजे घ्या. गायरानावर अतिक्रमण, उरलेल्यावर झाडं लावण्याचे कार्यक्रम. माळावर झाडांची गर्दी केली की काळवीट तिथे राहत नाही, त्याला दूरवर नजर जाणारं गवत लागतं. वृक्षारोपणाचे फोटो काढणाऱ्यांना हे कोण सांगणार? मी शिक्षिका असताना मीच मुलांना घेऊन माळावर खड्डे खणले आहेत!

आणि आता माझा मुद्दा. गावाला जागल्या पाहिजे. वनखात्याला कळप मोजणारी, पिलं कुठे लपवलीत ते ओळखणारी, फास शोधून काढणारी नजर पाहिजे. ही सगळी कामं ज्याला जन्मतः येतात तो माणूस गायरानात पाल ठोकून बसला आहे, आणि आपण त्याच्यापासून मोटारी लपवतो आहोत! कळप कुठल्या वाऱ्याला कुठे उतरतो हे ज्याला कळतं, तो त्याला रात्री शेताबाहेर ठेवूही शकतो. मजुरी द्या, ओळखपत्र द्या, आणि काम द्या.

हे माझं स्वप्नरंजन नाही. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ नावाच्या संस्थेबरोबर फासेपारध्यांनी माळरानं राखायला घेतली, तणमोरासारखा दुर्मिळ पक्षी वाचवायला घेतला. ज्या माळांवर त्यांचे वाडवडील फास लावत, तिथेच. मध्य प्रदेशात पन्नाला वाघ पाहायला जाणाऱ्यांना पारधी तरुण जंगलातून पायी फिरवतात आणि खुणा ओळखायला शिकवतात. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झालं. सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही, तरी तिथे काळवीट टिकला. आपल्या जिल्ह्यात तेवढा एक माळ आणि दहा माणसांना काम देणं काय अशक्य आहे? आणि त्यासाठी आधी काय लागतं? पालात जाऊन नाव विचारणं.

तिसरा आक्षेप भाच्याचा. मी हे सगळं त्याला फोनवर बोलले तर तो जरा दुखावला. म्हणाला, "मावशी, मला कशाला त्यांच्या पंगतीत बसवतेस?" बाळा, तुला खाली बसवत नाही रे. त्यांना वर घेते आहे. तुझ्या वहीत वाऱ्याच्या दिशा आहेत ना, त्या मुलाच्या ओंजळीत त्या होत्या. तुला वही मिळाली, परवाना मिळाला, "आमचा अर्जुन" म्हणणारी मामी मिळाली. बाण मारायचा की नाही, ते तुझं तू ठरव. मला स्वतःला तो व्हिडिओ पाहून त्या नराची लाज वाटली, खरं सांगते. आपल्याच दारात, आपल्याच भाषेत लिहिलेला खोटा निरोप वाचून तो उत्तर द्यायला आला होता. पण ते माझ्या मनाचं झालं. मला तुझ्याकडून हवंय ते वेगळंच. संध्याकाळच्या निरोपावर तुझाही अंगठा होता. तो काढून घे.

अर्जुन म्हटलं की आपल्याला एकलव्यही आठवायला हवा. तीच विद्या, तोच बाण, पण एकाला पाठ थोपटून मिळाली आणि दुसऱ्याकडून अंगठा गेला. लहानपणी मला राग द्रोणाचार्यांचा यायचा. १९८५ नंतर ती गोष्ट वर्गात सांगताना माझा आवाज खाली यायचा. मुलांना वाटायचं, बाईंना एकलव्याचं वाईट वाटतंय. बाईंना टेबलावरचा तो दुसरा कागद दिसत असायचा.

असो. या आठवड्यात मी गावाकडे आहे. काल सकाळी थर्मास घेऊन धुऱ्यावर न जाता गायरानात गेले. पुतण्या "काकू, तिकडं कशाला?" म्हणत मागे आला, मग अर्ध्या वाटेवर थांबला. चार पालं आहेत. बायका चुलीपाशी, दोन म्हातारी माणसं, पाच-सहा पोरं. मी नाव सांगितलं, शाळेत बाई होते म्हटलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "काळ्या कुठं बसतो सध्या?" तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आमाला न्हाई म्हाईत, बाई. आमी काई करत न्हाई."

त्याला वाटलं, मी जबाब घ्यायला आले आहे. चूक त्याची नाही. माझ्यासारख्या बायकांचा वास त्याला चांगला ओळखू येतो.

आज पुन्हा जाणार आहे. पोरांची नावं विचारीन. दिवाळीनंतर शाळा सुरू होईल तेव्हा त्यांतली दोन तरी शाळेत बसवता येतात का बघते. दसऱ्याला आपण शस्त्रांची पूजा करतो आणि सीमा ओलांडतो म्हणतो. गावापासून गायरानापर्यंतची सीमा फार तर अर्ध्या किलोमीटरची असेल. मला ती ओलांडायला चाळीस वर्षं लागली.

भांडायचं असेल त्यांनी जरूर भांडा. पण आधी तो अंगठा काढा.